तडा नेमका कुठे जातो?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरलं. त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, ही तज्ज्ञांनाही मान्य असलेली समजूत त्या पहाटे संपली आणि तिच्याबद्दल पुढे भरपूर लिहिलं गेलं. धरणांबद्दलची दुसरी एक समजूत मात्र अजून टिकून आहे. धरण मोडायचंच असेल तर ते तळाशी मोडणार, कारण पाण्याचा दाब तिथे सर्वांत जास्त, असं अनेकांना वाटतं.

कोयना धरण १०३ मीटर उंच. ते उभं राहिलं, पण त्याच्या उंच खंडांना आडवे तडे गेले. हे तडे तळाशी नव्हते. ते पायापासून सुमारे ६६ मीटर वर होते, जिथे धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो आणि धरणाला जणू मान फुटते. तडे पाण्याच्या बाजूलाही होते आणि मागच्या बाजूलाही. काही ठिकाणी पाणी झिरपू लागलं. नंतर धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते भक्कम करण्यात आलं.

मूळ आराखड्यात भूकंप विचारात घेतलाच नव्हता, असंही ऐकू येतं. तेही खरं नाही. धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर गृहीत धरलेला होता. प्रत्यक्षात धरणातच बसवलेल्या यंत्रानं गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्या त्वरणाची नोंद केली. म्हणजे अंदाज दहापटीनं चुकला. पण खरी गोम या आकड्यात नाही. हा आडवा जोर पायापासून माथ्यापर्यंत सारखाच लागतो, असं त्या काळची पद्धत मानत असे. तिच्या लेखी धरण म्हणजे एक ताठ ठोकळा. प्रत्यक्षात धरण डोलतं. तळाशी ते जेमतेम हलतं, तर माथ्याशी हेलकावा कितीतरी वाढतो. मग वरचा जड भाग मागेपुढे झुकताना सगळा ताण मानेवर येतो. काँक्रीट दाब सोसायला खंबीर असलं, तरी ओढ सोसण्याची त्याची ताकद दाबशक्तीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. म्हणून पाच टक्क्यांच्या जागी पन्नास टक्के घातले असते, तरी जुन्या पद्धतीनं जोर चुकीच्या जागीच वाटला असता.

हे दाखवून दिलं कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात धरणाचा छेद लहान लहान तुकड्यांत मांडून त्याला कोयनेला नोंदला गेलेला हादरा दिला होता. मानेच्या पातळीवर दोन्ही अंगांना काँक्रीटच्या कुवतीच्या बऱ्याच वर ओढ निर्माण होते, असं गणित सांगत होतं. तडेही तिथेच होते.

तुकड्यांच्या या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव बर्कलीच्याच रे क्लफ यांनी १९६० साली दिलं. वस्तूचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा साध्या नियमानं ताणला किंवा वाकवला जातो असं मानायचं आणि शेजारच्या तुकड्यांची टोकं जुळलेली राहतील अशी हजारो समीकरणं एकदम सोडवायची. पुण्याच्या वाहन उद्योगात कितीतरी तरुण इंजिनिअर दिवसभर हेच करतात. तुकड्यांची जाळी पाडण्याच्या कामाला ते ‘मेशिंग’ म्हणतात. शेवटी पडद्यावर लाल, पिवळा, निळा नकाशा उमटतो, आणि रंगीत चित्रावर माणसाचा पटकन विश्वास बसतो. पुढचा गैरसमज इथूनच सुरू होतो. गणकानं सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं मानलं जातं.

नॉर्वेतलं उदाहरण याबाबतीत फार बोलकं आहे. उत्तर समुद्रातल्या ‘स्लाइप्नर ए’ या वायू उत्पादनाच्या तळासाठी काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता. एकमेकींना चिकटलेल्या पोकळ नळकांड्यांचा हा सांगाडा २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. सुमारे ६५ मीटर खोलीवर एक भिंत फुटली. आत शिरणारं पाणी पंपांना आवरेना आणि सगळा सांगाडा बुडाला. तो तळावर आदळला तेव्हा भूकंपमापकांवर ३ रिश्टरची नोंद झाली. सुदैवानं माणसं वाचली. एकूण आर्थिक फटका सुमारे ७० कोटी डॉलरचा होता.

गणकानं बेरीज चुकवली नव्हती. वापरलेली नास्ट्रान ही प्रणाली मुळात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी तयार झालेली आणि भरपूर पारखलेली होती. तीन नळकांडी जिथे मिळतात तिथे मधे उरणाऱ्या त्रिकोणी पोकळीच्या भिंती फार मोठ्या, वाकड्यातिकड्या तुकड्यांत मांडल्या गेल्या होत्या, घोटाळा तिथे होता. अशा तुकड्यांतून भिंत किती हलेल हे बरं निघतं, पण भिंतीच्या कडेला तिला कापू पाहणारा जोर किती आहे हे निघत नाही. तो जोर ४७ टक्क्यांनी कमी आला. मग भिंत पातळ राहिली आणि तिथली लोखंडी सळई आखूड पडली. अपघातानंतर तेच गणित नीट केलं, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. पद्धत इतकी अचूक उत्तर देऊ शकत होती, फक्त तिला आधी नीट विचारलं गेलं नव्हतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग जाळी बारीक करा, म्हणजे झालं. इथेच आणखी एक, या क्षेत्रातला सर्वांत चिवट गैरसमज भेटतो. जाळी जितकी बारीक तितकं उत्तर खरं, हे बऱ्याचदा बरोबर असतं, नेहमी नसतं. आत वळलेला तीक्ष्ण कोपरा घ्या. लवचिकतेच्या गणितानुसार त्या टोकाशी ताण अनंत होतो. मग जाळी बारीक करत गेलं की आकडा वाढतच जातो. तो कुठेच स्थिरावत नाही, कारण पोचायला तिथे उत्तरच नसतं. खऱ्या पोलादाचा कोपरा अनंत ताण येण्याआधीच किंचित कायमचा वाकतो आणि काँक्रीट तडकतं. हे गणकाला आपोआप कळत नाही. पदार्थ कसा वागतो, हे माणसालाच आधी सांगावं लागतं. कोयनेची मान हाही असाच आत वळलेला कोपरा आहे.

तडा गणितात घालायला गेलं की अडचण उलट बाजूनं येते. काँक्रीट तडकलं की त्याची ओढ धरण्याची ताकद हळूहळू शून्यावर जाते. हा नियम प्रत्येक तुकड्याला जसाच्या तसा लावला, तर सगळी मोडतोड एका ओळीतल्या तुकड्यांत गोळा होते. तुकडे लहान केले की मोडायला लागणारी ऊर्जाही कमी होत जाते आणि अतिबारीक जाळीत धरण जवळजवळ फुकटात मोडतं. यावरचा मार्ग स्वीडनच्या आर्ने हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवला आणि अमेरिकेतल्या झ्देनेक बाझांत यांनी ब्युंग ओह यांच्यासह १९८३ मध्ये पुढे नेला. एक चौरस मीटर तडा उघडायला किती ऊर्जा लागते, हा पदार्थाचाच गुण मानायचा आणि तुकड्याचा आकार बदलला की नियम त्या हिशोबानं जुळवून घ्यायचा. तड्यांच्या गणिताची नवी पद्धत काढणारे संशोधक आजही ती आधी कोयनेच्या छेदावर चालवून बघतात. सातारा जिल्ह्यातलं हे धरण जगभरच्या शोधनिबंधांत ‘कोयना डॅम प्रॉब्लेम’ म्हणून भेटतं, ते यामुळेच.

घराच्या स्लॅबपाशी ऐकू येणारा एक गैरसमज त्यामानानं साधा आहे. एफई ४१५ ऐवजी एफई ५५० दर्जाची टीएमटी सळई वापरली की स्लॅब कमी वाकणार, असं ठामपणे सांगितलं जातं. हा आकडा कायमचं वाकणं सुरू होण्याआधी सळई किती ताण सोसते ते सांगतो. ती किती ताठ आहे हे त्यातून कळत नाही. ताठपणा सगळ्या पोलादांचा जवळपास एकच, आणि आयएस ४५६ या भारतीय मानकात तो प्रति चौरस मिलिमीटर २ लाख न्यूटन असाच धरला जातो, सळई कोणत्याही दर्जाची असो. जास्त ताकदीची सळई म्हणून लोखंड कमी घातलं, तर उरलेल्या सळईवर ताण वाढतो. मग स्लॅब जास्त वाकतो आणि भेगाही रुंद होतात.

धातूच्या ‘थकण्या’बद्दल तर दोन शतकं गैरसमज चालत आले आहेत. १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायच्या रेल्वेमार्गावर इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. मोडलेली बाजू दाणेदार, चकचकीत दिसत असे. म्हणून हादरे खाऊन खाऊन लोखंडाचे ‘स्फटिक होतात’, असं अनेक इंजिनिअर मानू लागले. जुन्या मेकॅनिककडून ही भाषा अजून ऐकायला मिळते. लोखंड घडल्या दिवसापासूनच स्फटिकमय असतं. १९०३ साली यूइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की पुन्हापुन्हाच्या ताणानं त्या स्फटिकांत सरकण्याच्या रेषा उमटतात आणि त्यांतूनच बारीक चीर सुरू होते.

कॉमेट विमानाची गोष्टही अशीच अर्धवट सांगितली जाते. १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ ही ब्रिटिश जेट विमानं हवेतच फुटली. ‘चौकोनी खिडक्यांमुळे’ असं उत्तर शाळकरी पोरही देतं. पण खिडक्यांचे कोपरे गोलावलेले होते आणि एल्बाच्या विमानाची चीर छतावर, दिशादर्शक अँटेनासाठी कापलेल्या भोकाशी सुरू झाली होती. त्याहून खटकणारी बाब चाचणीची आहे. नमुना सांगाड्यानं कारखान्यात सोळा हजारांहून अधिक वेळा दाब सोसला होता. एल्बाचं विमान १,२९० उड्डाणांत संपलं, नेपल्सचं ९०० मध्ये. नमुन्यावर आधी जास्त दाबाची चाचणी घेतली होती. त्या दाबानं भोकांच्या कोपऱ्यातला पत्रा किंचित कायमचा ताणला गेला आणि दाब काढल्यावर उलट दाबला जाऊन बसला. हे दडपण चीर रोखून धरत राहिलं. म्हणजे ज्या चाचणीनं नमुना भक्कम केला, तिच्याच जोरावर तशी चाचणी न झालेली विमानंही भक्कम मानली गेली.

उरतो शेवटचा गैरसमज, की तडा दिसला म्हणजे वस्तू संपली. पॉल पॅरिस यांनी सहकाऱ्यांसह १९६१ साली, प्रत्येक फेऱ्यागणिक चीर किती वाढेल हे तिच्या टोकाशी होणाऱ्या ताणाच्या चढउतारावरून सांगता येईल, असा निबंध लिहिला. नामांकित नियतकालिकांनी तो परत पाठवला आणि अखेर तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका छोट्या पत्रिकेत छापला गेला. १९७८ पासून मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांत, सांगाड्यात चीर असू शकते हे धरूनच हिशोब करावा लागतो. जेमतेम दिसू शकेल इतक्या लहान चिरेला धोक्याच्या लांबीपर्यंत पोचायला किती उड्डाणं लागतील हे काढतात आणि त्याच्या निम्म्याहून अधिक उड्डाणं उलटण्याआधी विमान हँगरमध्ये तपासायला घेतात. म्हणजे पहिल्या तपासणीत चीर निसटली, तरी दुसऱ्यांदा ती सापडायला वाव राहतो.