शिराळ्याच्या डोंगराआडची बोलकी डबी

पेठनाक्याला महामार्ग सोडून शिराळ्याकडे वळलं, की उसाचे फड सरायच्या आत टेकड्या सुरू होतात. गाव मोरणेकाठी, खोलगटात. दक्षिणेला वारणेचं खोरं, आणि पश्चिमेला जमीन चढत चढत थेट चांदोलीच्या जंगलात शिरते. बाहेरची माणसं इथे येतात ती नागपंचमीला, नाहीतर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाच्या दर्शनाला. वायरलेसची हौस असलेला माणूस आला, तर तो आधी डोंगरांकडे बघतो आणि कपाळाला आठ्या घालतो.

त्याचं कारण साध्या गणितात आहे. आपल्याकडे हॅम मंडळींना सगळ्यांत सोयीचे पट्टे दोन, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, ४.१ ने गुणायचं. तेवढ्या किलोमीटरवर तिचं क्षितिज. सेट हातात धरला, म्हणजे दीड मीटरवर, तर पाच किलोमीटर. स्लॅबवर पाइप उभा करून अँटेना नऊ मीटरवर नेली तर बारा. दोन्हीकडची क्षितिजं मिळवली की पल्ला कळतो. पण हा हिशेब सपाट रानाचा झाला. मध्ये एक टेकडी आडवी आली, की वारणेकाठच्या मांगल्याचा माणूस शिराळ्यातल्या माणसाला परदेशातल्यासारखाच.

आणि तरीही शिराळ्यातल्या एखाद्या माडीवर बसून, हातातल्या वॉकी-टॉकीसारख्या सेटवरून, जपानमधल्या किंवा स्पेनमधल्या हॅमशी स्वच्छ आवाजात बोलता येतं. मध्ये असते काडेपेटीहून जरा मोठी, इंटरनेटला जोडलेली डबी. हॅम तिला हॉटस्पॉट म्हणतात; मोबाइलच्या हॉटस्पॉटशी तिचा संबंध नाही.

डबीकडे जाण्याआधी कायद्याचं सांगून टाकतो, कारण ऑनलाइन खरेदीच्या उत्साहात तेवढंच राहून जातं. हॅम म्हणजे परवाना घेतलेला हौशी वायरलेसवाला. परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभाग देतो. त्यासाठी वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत आणि परीक्षा पास व्हावी लागते. श्रेणी दोन, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. मोर्सची टकटक फक्त जनरलवाल्याला शिकावी लागते. नंतर आपली कॉल साइन मिळते, भारतात बहुतेकांची व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारी. राजीव गांधी व्हीयू२आरजी होते. हॅमच्या लहरींवर धंद्याचं बोलता येत नाही आणि बोलणं कुलूपबंदही करता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डिजिटल सेटमध्ये संभाषण गुप्त ठेवायची सोय असते. हॅमने ती चालू करायची नाही. डबीसुद्धा स्वतः लहरी सोडते, म्हणजे तीही वायरलेस केंद्रच. ती इंटरनेटला जोडण्याआधी परवान्यातल्या अटी एकदा शांतपणे वाचाव्यात.

डबी उघडली की आत दोन पाट्या दिसतात. खालची रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू, ६५ मिलिमीटर लांब, ३० रुंद; २०१७ च्या फेब्रुवारीत आलेला हा पूर्ण संगणक आहे, लिनक्स चालवणारा. वरची तेवढ्याच मापाची, तिला हॅट म्हणतात. हॅटवर एडीएफ७०२१ नावाची चिप रेडिओचं काम करते आणि शेजारचा छोटा मायक्रोकंट्रोलर तिला हाकतो. ताकद सुमारे १० मिलिवॅट. घर, अंगण, फार तर गल्ली. त्यामागचा प्रोग्राम एमएमडीव्हीएम, ब्रिटनच्या जोनाथन नेलर या हॅमने लिहिलेला आणि सगळ्यांसाठी खुला. अँडी टेलर यांनी त्यावर पाय-स्टार नावाचा बांधीव संच केला. तो मेमरी कार्डावर उतरवायचा आणि मोबाइलच्या ब्राउझरमधून सगळी मांडणी करायची.

एवढं सोपं असतं तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पहिली अडचण चाळीस पिनांच्या पट्टीची. स्वस्तातला झिरो घेतला की ती बसवलेली नसते. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने एकेक पिन पक्की करायची. सगळ्या पिना झाल्या तरी काम मुख्यतः आठव्या आणि दहाव्या पिनेचं. एकीतून पाय बोलतो, दुसरीतून ऐकतो. या दोघींत कथलाचा ओघळ आला, तर डबीवरचा दिवा लुकलुकत राहतो आणि पडद्यावर मोडेम, म्हणजे हॅट, सापडत नसल्याचा निरोप.

पिना नीट आहेत, तरी मोडेम मुका. मग संशय ब्लूटूथवर घ्यायचा. या पायमध्ये सीरियल पोर्ट दोन आहेत. चांगला, नेमक्या वेगाने चालणारा पोर्ट कारखान्यातूनच ब्लूटूथला दिलेला असतो आणि पिनांच्या वाट्याला दुसरा येतो. त्या दुसऱ्याचा वेग प्रोसेसरच्या घड्याळावर अवलंबून, घड्याळ बदललं की तोही हलतो. आवाजाचे तुकडे ठरल्या मिलिसेकंदाला पोचायला हवेत, तिथे असा पोर्ट काय कामाचा? सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून ब्लूटूथ बंद करायचं, लिनक्सचा कन्सोलही त्या पोर्टवरून उठवायचा, की चांगला पोर्ट मोकळा होतो. तयार पाय-स्टार हे स्वतःच करतो. पण कोऱ्या लिनक्सवर सगळं हाताने उभं करणारा एकतरी माणूस गटात असावा. पुढे काही बिघडलं तर त्यालाच कळतं.

दुसरी गोष्ट फ्रिक्वेन्सीची. परदेशी व्हिडिओंत मांडणीच्या पानावर सर्रास ४३८.८०० मेगाहर्ट्झ दिसते. आपली हद्द ४३८ ला संपते, तेव्हा जसंच्या तसं उतरवून घेणारा पहिल्या दिवशीच नियमाबाहेर. शिवाय ४३५ ते ४३८ हा भाग हौशी उपग्रहांचाही आहे, तिथे डबीची कुजबुज नको. ४३४ आणि ४३५ च्या मध्ये मोकळी जागा बघून बसावं.

मग येतं ट्यूनिंग. डीएमआर या डिजिटल पद्धतीत, जी आपल्याकडे सेट परवडतात म्हणून चालते, बिट्स चार पायऱ्यांवर जातात. मधल्या फ्रिक्वेन्सीच्या वर-खाली ६४८ आणि १९४४ हर्ट्झ अशा त्या चार पायऱ्या. दोन पायऱ्यांत अंतर १२९६ हर्ट्झ, म्हणजे ६४८ च्या पुढे सरकलं की ही पायरी की ती, असा घोळ. आता हॅटवरचा स्फटिक दहा लाखांत एका भागाने चुकला, तर ४३५ मेगाहर्ट्झवर ती चूक ४३५ हर्ट्झ भरते. दोन तृतीयांश माया तिथेच गेली! म्हणून पाय-स्टारमध्ये ऑफसेटचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी किंचित सरकवण्याचा, आकडा शंभर-पन्नासने वर-खाली करत, सेटचं बोलायचं बटण दाबून आकडे मोजत, पडद्यावरच्या चुकलेल्या बिटांच्या टक्केवारीवर नजर ठेवायची. टक्का एकच्या आत आला की थांबायचं. कंटाळवाणं काम आहे, पण डबी चांगली की भंगार हे इथेच ठरतं. पुष्कळदा शिव्या चिपला पडतात आणि दोष ऑफसेटचा असतो.

मग पोपटाला हाक मारायची. ब्रँडमाइस्टर या जगभरच्या डीएमआर जाळ्यात ९९९० हा क्रमांक पोपटाचा. आपण बोललेलं तो साठवतो आणि परत ऐकवतो. आपलाच आवाज कुठल्याशा सर्व्हरवरून हिंडून परत आला, की गाडी रुळावर. भारताचा टॉकग्रुप, म्हणजे सामायिक गप्पांचा क्रमांक, ४०४, मोबाइलच्या देश-क्रमांकावरून घेतलेला.

या सगळ्यात आवाजाचं नेमकं होतं काय? सेट माइकमधला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतो. त्यातले २० मिलिसेकंद उचलले तर १६० मोजमापं, सोळा-सोळा बिटांची. म्हणजे २५६० बिट. सेटमधली अँबे नावाची पद्धत त्यांचे करते ४९. भजनाची ध्वनिफीत न पाठवता नोटेशन पाठवावं आणि पलीकडच्या पेटीवाल्याने ते वाजवावं, तसा हा प्रकार. स्वर किती उंच, कुठल्या पट्ट्यात घोष आहे, कुठे नुसता फूत्कार, एवढंच जातं. वाटेत चूक झाली तर दुरुस्त व्हावी म्हणून आणखी २३ बिट जोडतात आणि ७२ ची जुडी होते. अशा तीन जुड्या, म्हणजे ६० मिलिसेकंदांचं बोलणं, ३० मिलिसेकंदांच्या एका खिडकीतून निघून जातं. उरलेल्या ३० त दुसरीच जोडी त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलू शकते. ही पद्धत माणसाच्या कंठासाठी बेतलेली आहे. सेटमागे नागपंचमीची मिरवणूक चालली असेल तर ढोल-ताशाचं पलीकडे काहीतरी गुळगुळ होऊन पोचतं.

लक्षात घेण्यासारखं हे, की डबी आवाज उलगडतच नाही. ती बिटांची हमाली करते, म्हणून स्वस्त पडते. सेट न घेता नुसत्या संगणकाच्या माइकवरून बोलायचं, किंवा डी-स्टार या दुसऱ्या, जपानी डिजिटल पद्धतीवाल्याला डीएमआरवाल्याशी जोडून द्यायचं, तर मात्र आवाज सोडवावा आणि परत बांधावा लागतो. दोन्हीकडची अँबे वेगवेगळ्या पिढीची आहे. त्यासाठी अमेरिकेच्या डिजिटल व्हॉइस सिस्टिम्स या कंपनीची अँबे-३००० चिप लागते. ती पेनड्राइव्हसारख्या डाँगलमध्ये मिळते किंवा पायवर बसणाऱ्या पाटीवर. पाटी घेतली तर पुन्हा त्याच दोन पिना, पुन्हा तोच ब्लूटूथचा तंटा. डाँगल यूएसबीत खोचलं की हा प्रश्न मिटतो. पायवर एक छोटा सर्व्हर चालवला, की घरातला कुठलाही संगणक वायफायवरून ती चिप वापरू शकतो. हौशी लोकांनी सगळं स्वतः बनवायचं आणि नेमका आवाजाचा गाभा बंद चिपमध्ये, हे अनेकांना खटकतं. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रोव यांनी कोडेक-२ ही खुली पद्धत तयार केली, ती त्याच खटक्यातून. पोलंडमध्ये सुरू झालेली एम१७ ही पद्धत तिच्यावरच उभी आहे, तिला चिपची गरज नाही.

इथवर सगळं उन्हाळ्याचं झालं. शिराळा तालुक्यात खरी परीक्षा घेतो तो पाऊस. चांदोलीचं धरण ३४.४० टीएमसीचं. ते भरून विसर्ग वाढला, की वारणाकाठचे रस्ते पाण्याखाली जातात आणि हेच पाणी पुढे हरिपूरला कृष्णेला मिळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची रेघ ४५ ला आहे. अशा वेळी आधी वीज जाते, मग मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, आणि इंटरनेट गेलं की आपली डबी म्हणजे दिवा लागलेलं खेळणं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी दोन वॅटची डबी वीस तास चालेल. चालून करणार काय? स्पेनशी जोडणारी वाट बंद, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने ऐकणारी-बोलणारी साधी हॅट शेजारच्या दोन सेटना एकमेकांशी जोडत नाही.

याउलट, २००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद अंदमानात होत्या, हौशी मोहिमेवर. टेलिफोन कोलमडले होते आणि त्यांचं केंद्र पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी बोलत राहिलं. त्या दोन टोकांच्या मध्ये कुठलाही सर्व्हर नव्हता. डबी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि बहुतेकांना ते आवडत नाही.

पण त्याच पायकडून पुरात काम करून घेता येतं. हॅटचा मोठा भाऊ, एमएमडीव्हीएमचीच मोठी पाटी, दोन सेटच्या मध्ये बसवला की रिपीटर बनतो: एक सेट ऐकतो, दुसरा त्याच क्षणी पुढे बोलतो. हे आवर्तन पायवरच होतं, इंटरनेट असो नसो. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, वारा आणि उंची दोन्ही तिथे आहे. खालच्या गावांपेक्षा दीडशे मीटर उंच काठ मिळाला तर क्षितिज पन्नास किलोमीटरवर जातं. मग शिराळा आणि मांगले यांच्यातली टेकडी आडवी येत नाही, दोघेही वर बघून बोलतात. अर्थात रिपीटर म्हणजे माडीवरचा सेट नव्हे. त्याच्या फ्रिक्वेन्सीला, जागेला रीतसर मंजुरी हवी. तांत्रिक गोमही आहे. अमेरिकेत ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीत ५ मेगाहर्ट्झ अंतर ठेवतात, युरोपात बहुधा ७.६. आपला अख्खा पट्टा ४ चा. अंतर कमी, म्हणून दोन्ही वेगळं ठेवणारा डुप्लेक्सर मोठा, जड आणि महाग. पैसे खाणारी वस्तू तीच; पाय त्यापुढे चिल्लर.

डुप्लेक्सरचे पैसे जमेपर्यंत दुसरा मार्ग ४० मीटरच्या पट्ट्याचा, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ. एकूण वीस मीटर तांब्याची तार मधोमध कापायची, दोन्ही हात पसरून दोन झाडांना चार-पाच मीटरवर बांधायची. एवढी खाली बांधलेली तार लहरी सरळ वर फेकते. आयनमंडलाने दिवसा त्या खाली परतवल्या की तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत सगळीकडे पडतात, डोंगराच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच. शिराळा, सांगली, पुणे, सगळे एकाच छत्रीखाली. इथेही पाय उपयोगी येतो. कोडेक-२ वर चालणारा फ्रीडीव्ही हा मोफत प्रोग्राम साउंडकार्डमार्फत सेटला जोडला, की सेकंदाला अवघ्या ७०० बिटांत बोलणं जातं, तेही सर्व्हरशिवाय. तो जमेना तर साधं, डिजिटल नसलेलं साइडबँड आहेच. जवळच्या गावांसाठीही माझं मत असंच: डीएमआर सेटमध्ये एफएमची सोय असते, पुरात तीच आधी लावावी. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. एफएममध्ये खरखर वाढत जाते, पण बोटीत किती माणसं आहेत एवढं तरी त्यातून ऐकू येतं.

तेव्हा सराव जूनच्या आधी करावा. एका रविवारी राउटरची वायर काढून ठेवायची. एकाने कोकरूडला जायचं, एकाने चरणला, एकाने आरळ्याला, एकाने मांगल्याला, आणि कोण कुणाला कशावर ऐकतो हे वहीत मांडायचं: डीएमआर सरळ, एफएम सरळ, ४० मीटर. ज्या रकान्यात सगळीकडे फुली येईल, त्या गावासाठी पठारावरच्या रिपीटरचा अर्ज करायचा, आणि अर्जासोबत ती वही जोडायची.