प्राचीन नगरांतील सुरागृह

आमच्या भोकरदनचें जुनें नांव भोगवर्धन. केळणेच्या कांठच्या या नगरांतील दात्यांचीं नांवें सांची व भरहुत येथील स्तूपांवर कोरलेलीं आहेत. १९७३ सालच्या उत्खननांत येथें हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति निघाली. इटलींतील पाँपेई नगरांत सांपडलेल्या अशाच मूर्तीशीं तिचें विलक्षण साम्य आहे. तें नगर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. यावरून सातवाहनकालीं या पेठेचे धागे केवढ्या दूरवर पोंचले होते तें कळतें. त्या व्यापारांत मद्यहि होतें. भडोच बंदरीं इटलीचें द्राक्षमद्य उतरत असे, आणि तसल्या मद्याच्या कुंभांचीं खापरें नेवाशास सांपडलीं आहेत. परंतु परदेशचें मद्य श्रीमंतांचें. सामान्य नागरिकाची सुरा गांवींच तयार होई. ती कोठें व कशी होई, हा विषय आपल्या सोंवळ्या घरांतून टाळला जातो; आपल्या शास्त्रकारांनीं मात्र तो टाळलेला नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं आली आणि १९०९ सालीं ती छापून निघाली. ग्रंथाच्या काळाविषयीं वाद आहे; त्याचें आजचें रूप इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांतलें, असें मानणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्यायच आहे.

नगररचनेंत सुराविक्रेत्यांची वस्ति दक्षिण दिशेस, पक्वान्न व मांस विकणाऱ्यांच्या शेजारीं सांगितली आहे. पानागाराची वास्तु अनेक दालनांची असावी. तींत शय्या व आसनें निरनिराळीं, पिण्याच्या जागा नेमलेल्या, आणि गंध, माला व पाणी यांची सोय असावी. शिवाय ती सर्व ऋतूंत सुखकर असावी. एवढें सुख कशाला, अशी शंका येईल. उत्तर पुढेंच आहे. त्याच दालनांत राजाचे हेर बसत आणि कोण नेहमींपेक्षां अधिक खर्च करतो, परका कोण आला, हें टिपून ठेवीत! धुंद झालेल्या गिऱ्हाइकाचा अलंकार हरवला, तर विक्रेत्यानें तो भरून द्यावा आणि तितकाच दंडहि सोसावा. नेमल्या जागेबाहेर सुरा करणारास, विकणारास व विकत घेणारास सहाशें पण दंड. मात्र उत्सव व यात्रा यांत चार दिवस मोकळीक असे, आणि कुटुंबवत्सल गृहस्थास मंगल कार्यासाठीं सुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मुभा असे.

सुरेचा प्राण म्हणजे किण्व. उडदाचा कल्क, तांदूळ व कांहीं वनस्पति एकत्र करून तें सिद्ध करीत. उडीद-तांदळाचें पीठ रात्रीं झांकून ठेवलें असतां सकाळीं कां फुगतें, हें आमच्या गृहिणींस सांगावयास नको. डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांची करणी दोहोंकडे आहे. किण्वाचें साहित्य निवडण्याचें काम स्त्रिया व मुलें करीत. म्हणजे या धंद्यांतहि श्रम त्यांचे, आणि धुंदी इतरांची!

मेदक नांवाच्या सुरेचें प्रमाण मोठें बोलकें आहे: पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. द्रोणाचे आढक चार. तेव्हां तांदळाच्या आठपट पाणी झालें. मद्यशाळेची खरी भूक धान्यापेक्षां पाण्याची, हें इंग्रजी अमदानींतहि दिसून आलें. एडवर्ड डायर यानें १८५५ च्या सुमारास कसौलीस जवाच्या मद्याचा, म्हणजे बिअरचा, कारखाना काढला. जालियनवाला बागेंत गोळ्या झाडविणाऱ्या जनरल डायरचा हा बाप. झऱ्याचें मुबलक पाणी मिळावें म्हणून तो कारखाना पुढें जवळच्या सोलन येथें न्यावा लागला.

आमच्या मराठवाड्यांत असे मुबलक झरे कोठले? औरंगाबादेच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि २०१६ च्या दुष्काळांत त्यांच्या पाण्याचा प्रश्न थेट न्यायासनापुढें गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील खंडपीठानें त्या एप्रिलांत मद्याच्या कारखान्यांचें पाणी टप्प्याटप्प्यानें साठ टक्क्यांपर्यंत तोडण्याची आज्ञा केली. त्याच महिन्यांत लातूरकरांस पिण्याचें पाणी आगगाडीनें पोंचवावें लागत होतें.