एका सेव्ह फाइलने गेम कन्सोल खरंच हॅक होतो का?

"अब्बू, काही उघडायचं नाही, काही सोल्डर करायचं नाही. फक्त एक सेव्ह फाइल टाकायची, की कन्सोल मोकळा!" घरात जुना किंवा सेकंडहँड कन्सोल असेल, तर मुलाच्या तोंडून असं काहीतरी तुम्ही ऐकलं असेल. मुलगा थापा मारतोय असं समजू नका. हे खरोखर घडलेलं आहे. पण प्रत्येक कन्सोलवर, प्रत्येक फाइलने ते होतं असं नाही. म्हणून मुळात प्रकार काय आहे ते नीट समजून घेऊ.

सेव्ह फाइल म्हणजे काय?

आपण गेम जिथे थांबवला तिथली नोंद. कोणत्या लेव्हलवर होतो, पैसे किती, खेळाडूचं नाव काय. ही फाइल बदलून पैसे किंवा लाइफ वाढवता येतात. पण ती झाली गेममधली चलाखी. त्याने कन्सोल हॅक होत नाही.

मग हॅक होतो कसा?

समजा, एका फॉर्मवर नाव लिहायला आठ चौकोन आहेत आणि त्याच्या शेजारीच साहेबांनी आदेश लिहायचा रकाना आहे. कुणी पन्नास अक्षरी नाव लिहिलं, तर ते शेजारच्या रकान्यात घुसणार. खिडकीवरचा कारकून न बघता वाचत गेला, तर नावातली अक्षरंच तो आदेश समजून पाळेल. संगणकाच्या भाषेत याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. गेमने नावाची लांबी तपासली नाही, तर फाइलमधला मजकूर मेमरीत भलत्या जागी जाऊन पडतो आणि कन्सोल तो प्रोग्राम म्हणून चालवू लागतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण निन्टेंडो वी या कन्सोलचं. 'द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेममध्ये नायकाच्या घोडीला आपण नाव देऊ शकतो. २००८ मध्ये टीम ट्विझर्स या गटाने अशी सेव्ह फाइल बनवली, की घोडीचं नाव प्रमाणाबाहेर लांब. ती फाइल लोड करून गेममध्ये थोडं पुढे गेलं, की एसडी कार्डवर ठेवलेला बाहेरचा प्रोग्राम सुरू व्हायचा. याचं नाव पडलं 'ट्वायलाइट हॅक'.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. वी प्रत्येक सेव्ह फाइलवरची डिजिटल सही तपासतो. सही खोटी, तर फाइल नाकारली. त्यामुळे आधी सहीसाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या मिळवाव्या लागल्या. त्या गटाने सर्किटवर धातूचा चिमटा टेकवून मेमरीतली उरलेली माहिती वाचली आणि किल्ल्या काढल्या. इंग्रजीत चिमट्याला 'ट्वीझर्स' म्हणतात, गटाचं नाव त्यावरूनच आलं.

निन्टेंडोही गप्प बसली नाही. जून २००८ च्या ३.३ अपडेटने अशा फाइल शोधून पुसायला सुरुवात केली. गटाने पुन्हा पळवाट काढली. अखेर २००९ मध्ये ४.० अपडेटने हा रस्ता बंद झाला.

त्याआधी पहिल्या एक्सबॉक्सवर 'मेकअसॉल्ट' आणि 'स्प्लिंटर सेल' या गेमच्या बदललेल्या सेव्हमधून लिनक्स चालवलं गेलं होतं.

आजच्या कन्सोलवर चालतं का?

फार कठीण झालंय. आता प्रत्येक गेम स्वतःच्या बंद खोलीत चालतो. गेममध्ये शिरलात तरी खोलीचं दार फोडायला आणखी वेगळी चूक शोधावी लागते. २०२२ मध्ये एका संशोधकाने 'ओकागे' या जुन्या पीएस२ गेमच्या सेव्हमधून पीएस४ आणि पीएस५ मध्ये शिरकाव करून दाखवला. पण पूर्ण कन्सोल हाती यायला तेवढं पुरेसं नव्हतं.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

एक, सेव्ह फाइल 'नुसती नोंद' आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ज्या वाटेने हौशी माणसाचा प्रोग्राम शिरतो, त्याच वाटेने घातक प्रोग्रामही शिरू शकतो. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल टाकू नका.

दोन, पुढच्या पायरीत चूक झाली तर कन्सोल कायमचा बंद पडू शकतो. कंपनी ऑनलाइन खातंही बंद करू शकते. मग विकत घेतलेले गेमही अडकतात.

तीन, कायदा. स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवून बघणं वेगळं आणि चोरीचे गेम खेळणं वेगळं. टीम ट्विझर्सचाही पायरसीला विरोधच होता. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ नुसार, हक्क बुडवण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

आणि मुलाला नुसतं रागावू नका. घोडीच्या नावातून कन्सोल कसा फसला, हे त्याला समजलं असेल, तर त्याला प्रोग्रामिंगची गोडी आहे. त्याला घरच्या कम्प्युटरवर छोटा गेम बनवायला बसवा. नावाची लांबी तपासायला मात्र विसरू नकोस म्हणावं!