मराठवाड्याचे एकुलते प्राणिसंग्रहालय

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ८७ लाख लोक राहतात आणि एवढ्या लोकांसाठी प्राणिसंग्रहालय आहे ते एकच: छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यासारख्या गावाला ते दोनशे किलोमीटरहून दूर पडते. दुसरा जवळचा पर्याय म्हणजे हैदराबाद, त्याच रुळांवरून उलट दिशेला, तीनशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर, पुणे आणि मुंबई त्याहूनही लांब. पूर्णा तालुक्यातल्या मुलाला वाघ पाहायचा तर शाळेची सहल तिकडे जाण्याची वाट पाहावी लागते, आणि मुक्कामी सहलीचा खर्च शेतमजुराच्या घराला सहज पेलणारा नसतो.

या अभावाची मुळे इतिहासात आहेत. महाराष्ट्रातली जुनी प्राणिसंग्रहालये राजधानीच्या किंवा पैसेवाल्या शहरांच्या बागांतून वाढली. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६० च्या दशकातली. नागपूरची महाराजबाग एकोणिसाव्या शतकातलीच. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५३ पासून प्राणी होते. ते पुढे कात्रजला १३० एकरांवर उभ्या राहिलेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. मराठवाडा मात्र १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याचे प्राणी राजधानीतल्या ‘बागे आम’मध्ये ठेवलेले होते. मीर आलम तलावाजवळ ३८० एकरांवरचे नेहरू प्राणिसंग्रहालय ६ ऑक्टोबर १९६३ रोजी लोकांसाठी खुले झाले, तेव्हा मराठवाडा महाराष्ट्रात आलेला होता. जुन्या राजधानीची संस्था हातून गेली आणि नव्या राज्यात वाट्याला तशी संस्था आली नाही. परभणी–नांदेडकडची कुटुंबे आजही चारमिनार, सालारजंग आणि ‘झू’ अशी हैदराबादची सहल ठरवतात, त्यामागे हा जुना संबंध आहे.

प्राणिसंग्रहालय चांगले की वाईट हे आता कायद्याने ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय देशात कुठेही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. नवे काढायचे तर आधीच परवानगी घ्यावी लागते. २००९ च्या नियमांत पिंजऱ्यांची मोजमापेही दिली आहेत. वाघाच्या एका जोडीला किमान १,००० चौरस मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे पाव एकर. बिबट्याच्या जोडीला ५०० चौरस मीटर. मागच्या बाजूला प्रत्येक जनावरासाठी रात्रीची स्वतंत्र खोली हवी. तिथेच ते खाते आणि तिथेच त्याला अडवून डॉक्टर तपासतो. प्रेक्षक आणि जाळी यांच्यामध्ये कठडा हवा, आजारी जनावर वेगळे ठेवण्याची सोय हवी, पशुवैद्यक हवा, आठवड्यातून एक दिवस दरवाजे बंद हवेत. तो सुट्टीचा दिवस प्राण्यांसाठी असतो. एरवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्यासमोर गर्दी, आरडाओरडा आणि शिट्ट्या चालू असतात.

सिद्धार्थ उद्यानाची अडचण नेमकी इथेच आली. मध्यवर्ती बसस्थानकाला लागून असलेल्या महापालिकेच्या बागेतला एक भाग म्हणजे हे प्राणिसंग्रहालय. चारही बाजूंनी शहर वाढले. जागा होती तेवढीच राहिली. २०१८ च्या अखेरीस प्राधिकरणाने त्याची मान्यता रद्द केली. महापालिकेने दाद मागितली, मुदत मिळाली आणि प्राणी तिथेच राहिले. त्याच सुमारास नागपूरच्या महाराजबागेवरही अशीच वेळ आली होती. शहराच्या पोटात अडकलेल्या जुन्या बागांचे हे सामायिक दुखणे आहे.

तरीही या बागेतल्या माणसांनी वाघ उत्तम सांभाळले, हे मान्य केलेच पाहिजे. पांढऱ्या आणि पिवळ्या पट्टेरी वाघांची पैदास ही या ठिकाणाची ओळख आहे. डिसेंबर २०२० मध्ये समृद्धी या वाघिणीने एकाच वेळी पाच बछड्यांना जन्म दिला. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथूनच मुंबईच्या राणीच्या बागेत गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांना तिथे वीरा नावाचे बछडे झाले. मुंबईची वाघांची हौस मराठवाड्याने भागवली. पण वाघ वाढत गेले की तोकडी जागा आणखी तोकडी होते. पैदास हे यश खरे. ते नियमातल्या चौरस मीटरांची जागा घेऊ शकत नाही. म्हणून शहराबाहेर मिटमिटा येथे सुमारे शंभर एकरांवर सफारी पार्क उभारून प्राणी तिकडे हलवण्याची योजना आखली गेली आणि स्मार्ट सिटीच्या निधीतून तिचे काम हाती घेतले गेले. मराठवाड्याला नियमात बसणारे, प्रशस्त प्राणिसंग्रहालय मिळण्याचा हाच रस्ता आहे.

मिटमिट्याचा प्रकल्प पूर्ण झाला, तरी चुडाव्यापासूनचे अंतर तेवढेच राहणार. प्रत्येक जिल्ह्याला एकेक प्राणिसंग्रहालय द्यावे, ही मागणी त्यावरचे उत्तर नव्हे. नगरपालिकेच्या बागेत चार हरणे, दोन मोर आणि एक माकड कोंडून ठेवण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हे चांगलेच झाले. मराठवाड्याच्या महापालिकांची आर्थिक ओढाताण पाहता अशी बाग उद्या पुन्हा मान्यतेच्या फेऱ्यात सापडेल आणि हाल मुक्या जनावरांचे होतील.

पूर्णा परिसराची निकड वेगळी आहे. गोदावरी–पूर्णेच्या या काळ्या रानात काळवीट, रोही, रानडुकरे, कोल्हे, सायाळ असे प्राणी माणसांच्या शेजारीच राहतात. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या कोवळ्या पिकात हरणांचे कळप उतरतात आणि शेतकरी रात्र रात्र राखणीला बसतो. रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसलेले हरीण, बिनकठड्याच्या विहिरीत पडलेले रोही, कुत्र्यांनी फाडलेले पाडस, हे इथले नेहमीचे प्रसंग. विहिरीतून जनावर काढायला गाव दोर आणि बाज घेऊन धावते, वन खात्याची माणसे येतात, जनावर वर निघते. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. हरीण मुळातच भित्रे. गर्दीत धरून ठेवले की भीतीने त्याचे स्नायू निकामी होत जातात आणि वरून जखम दिसत नसतानाही ते काही तासांत किंवा दिवसांत दगावते. त्याला अंधारी, शांत खोली आणि वन्यप्राण्यांना गुंगी देण्याचा सराव असलेला डॉक्टर जवळपास मिळावा लागतो. चांगली प्राणिसंग्रहालये हे काम करतात. नागपूरला २०२१ मध्ये गोरेवाड्याची सफारी सुरू झाली, पण त्याच्या आधीपासून तिथे वन्यप्राणी बचाव केंद्र चालू होते. मराठवाड्यात बीड जिल्ह्यात शिरूर कासारजवळ तागडगावच्या माळावर ‘सर्पराज्ञी’ या केंद्राने खासगी कष्टांतून जखमी प्राण्यांचा सांभाळ चालवला आहे.

परभणीला तर या कामाची अर्धी तयारी आहेच. शहरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे शस्त्रक्रियेचे आणि रोगनिदानाचे प्राध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत. चुडाव्याहून ते अंतर तासाभराच्या आसपासचे. महाविद्यालय आणि वन खाते यांनी मिळून काही एकरांवर वन्यजीव उपचार केंद्र उभारले, तर जखमी काळवीट बरे करून पुन्हा रानात सोडता येईल, आणि जे सोडण्याजोगे राहणार नाहीत त्यांना मिटमिट्याला पाठवता येईल. असे केंद्र प्रदर्शनासाठी खुले ठेवता येत नाही. उपचाराखालच्या जनावराला माणसांची सवय लागू द्यायची नसते. पण आवाराबाहेर एक माहितीदालन काढता येते. रोही गाईच्या कुळातला की घोड्याच्या, काळविटाची मादी शिंगांवाचून का, सायाळ खरेच काटे फेकून मारते का, ही उत्तरे पूर्णा तालुक्यातल्या मुलांना तिथे एका दिवसाच्या सहलीत मिळू शकतील.