परक्या घरी शिकायला राहताना

तानसा म्हटले की मुंबईकरांस नळाचे पाणी आठवते. आम्हांस त्या धरणाच्या आसपासची गावे आठवतात. अशाच एका गावातील कामगाराची मुलगी गेल्या वर्षी शिकण्यासाठी जर्मनीस निघाली. पहिले काही महिने तिला तिथल्या एका कुटुंबात राहायचे होते. बाप आमच्या युनियनचा जुना सभासद. तो तिला घेऊन आला नि म्हणाला, “भाऊ, हिला चार गोष्टी सांगा.” आता आम्ही पडलो सातवीनंतर शाळा सुटलेले, समुद्र पाहिला तो घारापुरीच्या लाँचमधून, तेवढाच! परंतु युनियनच्या कामात एक खोड लागते. प्रश्न आला की आधी मागचा दाखला काढायचा.

दाखला फार दूर नव्हता. आसनगावहून लोकलने तासाभराच्या आत कल्याण येते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर तिथले. त्यांचे पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडच्या नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर बाई 1880 साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, तेव्हा ते त्यांच्या वाचनात आले. ना ओळख, ना पाळख. पण त्यांनी उलट पत्र घातले. पुढे पत्रांमागून पत्रे गेली, आली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. 4 जून 1883 रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा बंदरावर मावशी हजर होत्या. त्या उन्हाळ्यात आनंदीबाई रोझेलच्या घरी राहिल्या.

ह्या गोष्टीत पुष्कळांना मावशींचे औदार्य दिसते, आणि ते आहेच. आमचे लक्ष दुसरीकडे गेले. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी 1883 मध्ये, आनंदीबाईंनी बंगालमधील सेरामपूरला जाहीर भाषण करून आपण का जात आहोत ते सांगितले. हिंदू म्हणून जाईन नि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सांगून टाकले. त्यामुळे साडी नेसणारी, मांस न खाणारी ही मुलगी कोण, कशी, हे यजमानांना आगबोट लागल्यावर कळले नाही. अटी आधीच टेबलावर होत्या. आमच्या भाषेत ह्याला करार म्हणतात.

आम्ही स्वतः हा करार केला नव्हता. सतराव्या वर्षी नोकरी शोधत परळला चुलत आत्याकडे उतरलो. चाळीची एक खोली, माणसे आठ. आत्या वाढायला आली की दुसऱ्या भाकरीला आम्ही “पुरे” म्हणायचो. तिला वाटे, पोराचा आहारच कमी. महिन्याभरात कामावर भोवळ येऊन पडलो, आणि मग ती माउली रडत म्हणाली, “अरे, सांगितलं का नाहीस?” काय सांगणार? भाडे भरणारा कुरकुर करू शकतो. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 साली लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरी राहत होते ते भाडेकरू म्हणून. तिथे नाते पैशाचे नि सरळ. उपकाराच्या घरात मात्र तोंडच उघडत नाही.

म्हणून त्या मुलीस पहिली गोष्ट सांगितली ती ‘नको’ ह्या शब्दाची. आपल्याकडे पहिला ‘नको’ शिष्टाचाराचा असतो. वाढणारीही तो मानत नाही. जर्मन माणूस बहुधा तो खरा धरतो आणि भांडे उचलतो! रात्रीचे जेवणही पुष्कळ घरांत गरम नसते. पाव, चीज, थंड पदार्थ. भाताशिवाय झोप येत नसेल तर पहिल्याच आठवड्यात बोलावे, आणि स्वतः रांधायची तयारी दाखवावी. आंघोळ केव्हा, किल्ली कोणाकडे, घरी फोन कितीपर्यंत चालेल, हे विचारण्यात लाज नाही. रविवारी तिथे कायद्यानेच शांतता पाळतात. भिंतीत खिळे ठोकायचे ते शनिवारीच. घरातले काम कोणते आपले, हेही ठरवून घ्यावे. यजमान कुटुंबात राहून मुले सांभाळणाऱ्या परदेशी तरुणांसाठी जर्मनीत ‘ओ पेअर’ नावाची सोय आहे. तीत लेखी करार असतो आणि कामाला आठवड्याचे तीस तास ही मर्यादा आहे. आमची मुलगी विद्यार्थिनी, तिला तो नियम लागू नाही. पण नमुना घेण्याजोगा आहे.

प्रेमळ घर मिळाले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. आनंदीबाई ऑक्टोबरपासून फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागल्या; मावशींचे घर मागे राहिले. थंडी नि अंगवळणी न पडलेला आहार यांनी प्रकृती खालावली. मार्च 1886 मध्ये पदवी मिळाली, आणि क्षयाने 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, वय एकवीस. त्यांची रक्षा मावशींकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे.

हे आम्ही त्या मुलीला सांगितले, तेव्हा बाप उठून बाहेर गेला. मुलीने मात्र लोकरीच्या कपड्यांची यादी पुन्हा वाचली.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. भाताचे बोलणे झाले होते. कागद, वेष्टणे, ओला कचरा, उरलेला कचरा असे चार डबे वेगळे ठेवायचे नि ठरल्या दिवशी बाहेर काढायचे, हे काम तिच्याकडे आले होते. बाप चिडला. इतक्या लांब काय कचरा काढायला गेलीस?

“बाबा,” ती म्हणाली, “पाहुणीला कोणी कचरा काढायला सांगतं का?”