मलकापूरचं तिकीट

भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी बुलढाणा जिल्ह्यात शिरली की मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी स्टेशनं लागतात. हा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचला. आगगाडीच्या संगतीने गावोगाव फिरलेला 'तिकीट' हा इंग्रजी शब्द मराठीने कसा घडवला, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

मुळात त्यात दोन्ही 'ट' सारखेच. मराठीने पहिल्याचा 'त' केला, दुसरा तसाच ठेवला. इंग्रजीत त्याला लिंग नव्हतं. मराठीत लिंगाशिवाय क्रियापद हलत नाही. म्हणून टायर फाटला, बॅग फाटली आणि तिकीट फाटलं. हे कुणी ठरवलं? कोणतीही समिती बसली नव्हती. बोलणाऱ्या लाखो तोंडांनी ते परस्पर ठरवलं.

खरी गंमत लिहिताना कळते. मूळ उच्चारातले दोन्ही इकार ऱ्हस्व. पण मराठीत शब्दाच्या शेवटी 'अ' असेल, तर त्याआधीचा इकार-उकार लांबतो. म्हणून 'तिकीट', दुसरी वेलांटी दीर्घ. प्रत्यय लागला की ती पुन्हा आखडते: तिकिटावर, तिकिटाला, तिकिटं. 'तिकीटावर' असं लिहिलेलं सर्रास दिसतं, ते चूक. आता याच मार्गावरचं मलकापूर घ्या. मलकापूर, पण मलकापुरात. गावाच्या नावाला जो नियम, तोच या परक्या शब्दाला!

साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांत या नियमातून सूट आहे ती संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना. म्हणून गीत–गीतात, शरीर–शरीरात. तिथे वेलांटी हलत नाही. संस्कृत शब्दाचा असा मान राखणाऱ्या मराठीने इंग्रजी तिकिटाला मात्र गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला यांच्या पंक्तीत बसवलं. मला यात मराठीची मोठी माया दिसते. पाहुण्याला सूट मिळते, घरच्याला नाही.

सगळेच इंग्रजी शब्द इतके मुरलेले नाहीत. बँकेत, कोर्टात, पाकिटात आपण सहज म्हणतो. 'बस' अजून 'बसमध्ये'वर अडली आहे. 'मोबाइल' लिहिताना 'मोबाइलमध्ये'च होतो, पण बोलताना कुणीतरी 'मोबाइलात' म्हणून जातं, आणि ऐकणाऱ्याला ते खटकतही नाही.