चार भिंतींचे अर्थकारण

अन्न, वस्त्र आणि निवारा ही त्रयी शाळेच्या पुस्तकापासून सर्वांच्या तोंडी बसलेली आहे आणि त्या क्रमात निवारा नेहमीच शेवटी येतो. खर्चाची वारंवारता पाहिली तर तो क्रम योग्यही म्हणावा लागेल. अन्न रोज लागते, वस्त्र सणासुदीला घेतले जाते. घर मात्र सामान्य माणूस आयुष्यात एकदाच घेतो आणि पुष्कळदा ते घेण्यातच त्याचे कमावते वय संपून जाते. एवढा मोठा व्यवहार करताना हिशेबाला मात्र दोनच आकडे धरले जातात: जागा किती चौरस फूट आणि किंमत किती रुपये. त्या चार भिंतींच्या आत काय कमावले जाते, काय साठवले जाते आणि कोणते नुकसान टळते, याची नोंद ना घरच्या वहीत होते, ना सरकारी अहवालात.

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील शहापूर हे गाव या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि तिची वसाहत. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय. आणि सभोवार धानाच्या बांध्या. नोकरीबरोबर मिळालेले घर, शेतीमजुरीवर उभे असलेले घर आणि निवृत्तीच्या रकमेतून बांधायचे म्हणून मनात असलेले घर अशी घराची निरनिराळी रूपे या काही मैलांच्या टापूत शेजारीशेजारी नांदतात.

त्यांपैकी शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घराचा विचार आधी केला पाहिजे, कारण अर्थशास्त्राच्या रूढ वर्गीकरणात ज्याची सर्वाधिक उपेक्षा झाली ते हेच घर होय. राहते घर ही उपभोगाची वस्तू आणि कारखाना, दुकान, गोदाम ही उत्पादनाची साधने, अशी विभागणी पाठ्यपुस्तकात सोयीची ठरते. धानपट्ट्यात ती टिकत नाही. कवेलूचे छप्पर, पुढे सपरी, मागे आंगण, बाजूला गुरांचा कोठा आणि आत धान साठवण्याची जागा, असे जे जुन्या धाटणीचे घर असते, ते एकाच वेळी निवासस्थान, गोदाम आणि कामाची जागा असते. दिवाळीच्या सुमारास धान निघते. परंतु आधारभूत किमतीची खरेदी केंद्रे त्याच दिवशी उघडतातच असे नाही. ज्याच्या घरात पोती ठेवायला कोरडी जागा आहे, तो महिना-दीड महिना थांबू शकतो. ज्याच्याकडे ती नाही, त्याला खळ्यावरूनच व्यापाऱ्याला, व्यापारी म्हणेल त्या भावाने धान द्यावे लागते. 20 क्विंटल धान म्हणजे 40 किलोची 50 पोती. ही 50 पोती छपराखाली ठेवता येणे म्हणजेच बाजारात नाही म्हणण्याची ताकद असणे!

विडीचेही तसेच आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत विडीचा धंदा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. तथापि पिढ्यान्‌पिढ्या तो चालला तो मुख्यतः बायकांच्या हातांवर आणि त्यांच्याच घरांत. सट्टेदाराकडून तेंदूपान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचे, कापायचे, विड्या वळायच्या, कट्टे बांधायचे आणि मोजून परत द्यायचे. कारखानदाराला शेड बांधावी लागत नाही, दिवाबत्ती करावी लागत नाही, भाडे द्यावे लागत नाही. ते सारे मजुराच्या घराने दिलेले असते आणि हजारी मजुरीच्या दरात त्याचा मागमूसही नसतो. पावसाळ्यात छप्पर गळले की तयार माल ओला होतो, ओला माल खराब म्हणून बाजूला काढला जातो आणि मजुरी कापली जाते. गळके छप्पर ही येथे केवळ गैरसोय नसून उत्पन्नातली तूट असते. तंबाखूची धूळ आणि पोरांची झोपण्याची जागा एकाच खोलीत, ही तूट तर कोणत्याच हिशेबात येत नाही. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, 1976 साली विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्याचा कायदा आला आणि पुढे त्या निधीतून घरबांधणीलाही साहाय्य मिळू लागले, हे खरे. काम करणारीचे घर हाच तिचा कारखाना आहे, ही गोष्ट निदान एका धंद्यापुरती तरी मान्य झाली.

आता सरकारी घरकुलाकडे वळावे. ग्रामीण गरिबांना घर देण्याची इंदिरा आवास योजना 1985 साली सुरू झाली आणि 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. या योजनांनी लक्षावधी कुटुंबांना पक्के छप्पर दिले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा मातीच्या भिंतींची काय दशा होते ते भंडारेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण हिशेब मांडून पाहावा. घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. सपाट प्रदेशातील साहाय्य 1 लाख 20 हजार. चौरस फुटाला सुमारे 446 रुपये पडले. शौचालयाचे 12 हजार आणि 90 दिवसांची मजुरी यांची वेगळी तरतूद होती. 2025 मध्ये राज्याने आणखी 50 हजारांची भर घालण्याचे जाहीर केले. ती सबंध रक्कम बांधकामाला लागली असे धरले तरी दर 632 रुपयांपर्यंतच जातो. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावात एवढ्यात घर होते, असे कोणताही गवंडी म्हणणार नाही. वाळूचा प्रकार तर चमत्कारिकच. वैनगंगेच्या वाळूवर नागपूरच्या इमारती उठतात. घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण आहे. परंतु ती घाटावरून दारात आणण्याची गाडी मोफत नसते.

शिवाय साहाय्य हप्त्याहप्त्याने येते. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढची रक्कम सुटत नाही आणि टप्पा पुरा करायला आधी पदरचे पैसे घालावे लागतात. ज्याच्या पदरात काही नाही म्हणून त्याला घरकुल मिळाले, त्याच्याकडूनच ही अपेक्षा! साहजिकच बचतगटाचे, सूक्ष्मवित्त कंपनीचे नाहीतर सावकाराचे कर्ज येते. मातीचे घर पाडलेले असते, त्यामुळे माघार घेण्याचीही सोय उरत नाही. घर झाले तरी त्यात कोठा नाही, सपरी नाही, 50 पोत्यांना जागा नाही. राहायला पक्के घर आले आणि धान मात्र खळ्यावरूनच विकावे लागले, असा हा व्यवहार.

घर आणि उपजीविका यांची फारकत याहून मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर याच जिल्ह्यातील पवनी तालुक्यात जावे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली आणि त्यानंतरच्या दशकांत नदीकाठची गावे नव्या गावठाणांत हलवण्यात आली. नव्या गावठाणात 18 नागरी सुविधा द्याव्यात असा दंडक आहे. रस्ता, शाळा, पाणी, स्मशान या साऱ्यांची यादी तपासता येते, तिच्यापुढे खूण करता येते. नदीत जाळे टाकून पोट भरणाऱ्या ढिवर कुटुंबाला घरापासून डोंग्यापर्यंतची पायवाट हीच खरी सुविधा होती आणि ती त्या यादीत कुठे बसावी?

पगारदार माणसाची गोष्ट वेगळी आहे, पण ती सुखाचीच आहे असे समजू नये. निर्माणीच्या वसाहतीत क्वार्टर मिळालेला कामगार आयुष्याची उमेदीची वर्षे त्यात काढतो. मुलांची शाळा, शेजार, दवाखाना सारे तेथेच. निवृत्तीनंतर काही महिन्यांच्या मुदतीत ते रिकामे करायचे असते. पगार आणि छप्पर एकाच दिवशी संपण्याची ही धास्ती ज्याने अनुभवली, तो नोकरीत असतानाच महामार्गालगतच्या एखाद्या ले-आउटमध्ये प्लॉट पाहू लागतो. शिक्षक आणि कारकून मंडळींची मनःस्थिती याहून निराळी नाही. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची हमी राहिली नाही. पुढे त्या योजनांत फेरबदल झाले, तरी मनातली हमी एकदा गेली ती गेलीच. म्हातारपणची ठेव म्हणून जमिनीकडे पाहिले जाऊ लागले, त्यात नवल काय? रिझर्व्ह बँकेच्या समितीने 2017 मध्ये दिलेल्या अहवालानुसार सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी 77 टक्के जमीनजुमल्यात आणि 11 टक्के सोन्यात असते. बँकेतल्या ठेवी, विमा, रोखे यांच्या वाट्याला जेमतेम 5 टक्के येतात.

दोष त्या माणसाचा नाही. परंतु एकेकट्याच्या शहाणपणाची बेरीज कधीकधी सर्वांच्या अडचणीची होते. 2011 च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. त्यानंतर वर्षभरातच केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने नागरी भागातील घरांची तूट 1 कोटी 87 लाख 80 हजार असल्याचा अंदाज दिला. त्या तुटीतील सुमारे 80 टक्के कुटुंबे बेघर नव्हती, ती दाटीवाटीने राहत होती; आणि तुटीचा 95 टक्क्यांहून अधिक भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतला होता. म्हणजे एकीकडे कुलूप लावलेली घरे आणि दुसरीकडे एका खोलीत तीन पिढ्या. महामार्गालगतच्या ले-आउटांत याचेच ग्रामीण रूप दिसते. काल जेथे धान पिकत होते तेथे सिमेंटचे खुंट रोवले जातात, मधल्या जागेत काँग्रेस गवत माजते आणि प्लॉटधारक भाव वाढण्याची वाट पाहत दुसऱ्या गावी भाड्याने राहतो. ती जमीन ना धान देते, ना निवारा.

त्यातच कागदांचा घोळ. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, तोच मालकीचा पुरावा अशी समजूत असते. बँकेचा अधिकारी तो पाहून मान हलवतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन सनदा मिळू लागल्या आहेत, ही सुधारणा खरोखर मोलाची. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे घेतलेल्यांचा प्रश्न अधिक बिकट. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ज्यांच्या व्यवहारांची नोंद होऊ शकली नाही, त्यांना मोकळे करण्याचा निर्णय राज्याने 2025 मध्ये घेतला. तोवर कित्येकांची आयुष्यभराची पुंजी मुद्रांकाच्या एका कागदावर अडकून होती. नोंद नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांधकाम नाही आणि मुलीच्या शिक्षणासाठी गहाण ठेवायचे म्हटले तरी उपयोग नाही.

फ्रेडरिक एंगल्सने 1872 साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना एक तिखट मुद्दा मांडला होता: कामगाराला मालकीचे घर आणि परसू दिले की तो त्या जागेला जखडला जातो आणि मालकाला मजुरी कमी देणे सोपे जाते. त्याचा निष्कर्ष सर्वस्वी पटो न पटो, जखडले जाण्याची गोष्ट भंडारा जिल्ह्यातील तरुणांना समजावून सांगण्याची गरज नाही. काम बुटीबोरीला किंवा पुण्याला, हप्ता गावातल्या घराचा, आणि भाडे कामाच्या गावच्या खोलीचे. एका पगारातून दोन छपरे सावरावी लागतात.

असे असूनही शहापूरसारख्या गावात एक गोष्ट आशा वाटावी अशी आहे. महाविद्यालयाच्या गावात परगावची मुले रूम करून राहतात. निवृत्त माणसाने वर दोन खोल्या काढल्या आणि त्या मुलांना दिल्या, तर गोठलेली पुंजी दरमहा थोडी थोडी वितळू लागते. एकट्या राहणाऱ्या विधवेला त्या भाड्याचा आधार होतो आणि डब्याचे काम मिळाले तर दुसराही. या व्यवहाराला मात्र शासनाच्या कोणत्याच गृहनिर्माण योजनेत स्थान नाही. अनुदान आहे ते स्वतःच्या घराला, करसवलत आहे ती घरकर्जाच्या व्याजाला. भाड्याने देण्याजोगी एक स्वच्छ खोली, तिला न्हाणी आणि सांडपाण्याची नाली, यासाठी कोणी काही देत नाही. ग्रामपंचायतीने रिकाम्या प्लॉटवर आणि भाड्याच्या खोलीवर कर बसवताना फरक करावा, घरकुलाच्या नकाशात सपरी आणि धान्याची जागा धरावी, पहिला हप्ता जोत्यापर्यंतचे काम निभेल एवढा तरी असावा, एवढ्या गोष्टींना नवा कायदा फारसा लागत नाही. पुढचा धानाचा हंगाम येईल तेव्हा नव्या घरकुलांच्या दाराशी पोती ताडपत्रीखाली पडलेली दिसतात की छपराखाली, हे तपासायला तलाठ्याला एक फेरी पुरेल.